खिळे घांसणारा मुलगा

मुलगा शिक्षण संपवून बाहेर पडला, कीं आपल्या घरांत पहिली विचारणा होते ती 'नोकरी कसली?' ही. 'तेथें शिकावयास काय मिळेल?' असें विचारणारें घर विरळाच. त्यांतून ती नोकरी हात काळे करणारी असली, तर आप्तेष्टांच्या कानांवर ती शक्य तों जाऊं नये अशीच आपली खटपट असते. असल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या पहिल्या कामांत माणूस काय शिकतो, ह्या प्रश्नाचा विचार उपदेशाच्या अंगानें पुष्कळांनीं केला आहे. मी तो आज इतिहासाच्या अंगानें करणार आहें, आणि त्यासाठीं मुख्यतः एकाच माणसाचें उदाहरण घेणार आहें. श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं पणजोबांच्या वेळचीं संस्कृत पुस्तकें जपून ठेवलेलीं असतील, त्यांच्या कपाटांत ह्या माणसाची कामगिरी बहुधा आहेच.

जावजी दादाजी चौधरी हें त्याचें नांव. निर्णयसागर छापखान्याचे हे संस्थापक. जन्म १८३९ चा, मुंबईतला. घरची स्थिति हलाखीची, त्यामुळें शाळेशीं संबंध बेताचाच आला. वयाच्या दहाव्या वर्षीं हा मुलगा मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास लागला. पगार दरमहा दोन रुपये. काम खिळे घांसण्याचें.

हें काम काय असतें तें सांगितल्यावांचून पुढें जातां यावयाचें नाहीं. खिळ्यांचे छापखाने आतां आपल्या शहरांतून जवळजवळ उठून गेले आहेत, आणि तरुण श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं छापाचा खिळा हातांत धरलेलाही नसेल. अक्षर प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर उलटें कोरावयाचें. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे तेथें अक्षराची खोलगट प्रतिमा उमटते. ती हातसांच्याच्या तळाशीं बसवून वरून शिसें, अँटिमनी आणि कथील ह्यांचा रस ओतावयाचा. रस पाहतां पाहतां थिजतो व खिळा तयार होऊन बाहेर पडतो. परंतु तो तसाच वापरतां येत नाहीं. त्याच्या बुडाशीं ओतीवाची शेपटी लोंबत असते, ती मोडावी लागते. आणि त्याच्या कडांना जी बारीक कोर राहते, ती दगडावर घांसून काढावी लागते. ही जी शेवटची घसणी, ती मुलांकडे सोंपविलेली असे. ओतारी कुशल हवा, ठसे कोरणारा तर कलावंतच हवा. घांसणारा कोणीही चालतो, असा समज.

हा समज कितपत खरा होता तें पाहूं. इंग्रजी अक्षरें एकमेकांपासून सुटीं उभीं राहतात. दोहोंमध्यें केसभर अंतर अधिक पडलें तरी वाचणाराच्या डोळ्यांस तें खुपत नाहीं. आपल्या बाळबोध लिपीचें तसें नाहीं. येथें प्रत्येक खिळ्यावर शिरोरेघेचा एक तुकडा असतो, आणि शेजारच्या खिळ्यावरील तुकड्यास तो भिडला तरच शब्दाच्या माथ्यावर अखंड रेघ दिसते. कोर थोडी जरी राहिली तरी खिळा शेजाऱ्यापासून दूर उभा राहतो आणि रेघ तुटते. उलट घसणी अधिक झाली, तर खिळा बारीक होतो व अक्षर शेजारच्या अक्षरावर चढूं पाहतें. म्हणजे मराठी किंवा संस्कृत पान सुबक दिसणें न दिसणें हें पुष्कळ अंशीं त्या दोन रुपये पगाराच्या पोराच्या बोटांवर अवलंबून होतें. दिवसभर शेंकडों खिळे बोटांखालून जात असतां त्या मुलास दोन गोष्टी कळल्या असल्या पाहिजेत असें मला वाटतें. एक, दोष कोठें शिरतो. आणि दुसरी, तो दोष आपल्या हातून झाला कीं वरच्या माणसाच्या. ठसा वांकडा असेल, तर खालीं कितीही घांसून अक्षर सरळ होत नाहीं. हें ज्ञान मालकाच्या खुर्चीवर बसून मिळणारें नव्हे. तें अगदीं तळाशींच मिळतें, कारण सर्वांच्या चुका वाहत वाहत अखेरीस तेथेंच येऊन पोहोंचतात.

छापखानाही साधा नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८१६-१७ च्या सुमारास मुंबईंत छपाईस आरंभ केला तो धर्मप्रसारासाठीं. परंतु त्या खटपटींत मराठी अक्षराची जी मशागत झाली, तिचें पीक पुढें आपल्याच लोकांनीं काढलें. टॉमस ग्रॅहॅम ह्या कारागिरानें येथेंच बाळबोध खिळ्यांना सुबक वळण दिलें, आणि जावजींची उमेदवारी झाली ती ह्याच ग्रॅहॅमच्या हाताखालीं. ह्यापूर्वींही त्या छापखान्यानें एक माणूस घडविला होता. भंडारी ज्ञातींतील गणपत कृष्णाजी हे तेथेंच छपाईचें काम पाहून व करून शहाणे झाले. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांनीं १८६३ सालच्या 'मुंबईचें वर्णन' ह्या आपल्या ग्रंथांत त्यांच्या उद्योगाची हकीकत दिली आहे. लांकडाचें छापयंत्र त्यांनीं घरींच तयार केलें, शाईचे प्रयोग स्वतःच केले, आणि १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. छापील कागदास हात लावावयास भिणारे सोंवळे लोक त्या वेळीं होते. त्यांची शंका फिटावी म्हणून गणपत कृष्णाजींनीं शाईंत चरबीऐवजीं तूप घातलें असें सांगतात. शिकविणाराचा हेतु एक आणि शिकणाराचा लाभ दुसरा, असें जगांत पुष्कळदां घडतें.

मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें तें १८५७ सालीं. जावजी त्या वेळीं अठरा वर्षांचे होते. त्यांच्याच पिढींतील मुलें मॅट्रिकच्या तयारीस लागलीं होतीं, आणि हा तरुण मिशनचा छापखाना सोडून टाइम्स ऑफ इंडियाच्या, पुढें इंदुप्रकाशच्या व ओरिएंटलच्या छापखान्यांत, एका कामावरून दुसऱ्या कामावर जात होता. प्रत्येक ठिकाणीं पगार थोडा वाढला. परंतु माझ्या मतें त्याहून मोठी गोष्ट ही, कीं प्रत्येक ठिकाणीं छपाईचें एकेक नवें अंग त्यांच्या दृष्टीखालून गेलें. मिशनचा ग्रंथ, इंग्रजी दैनिक, सुधारकांचें पत्र, ह्यांची घाई निराळी, गिऱ्हाईक निराळें, चुकीची किंमतही निराळी.

१८६४ सालीं त्यांनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला. हें साल लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढलेला, मुंबईंत पैशाचा पूर आलेला, आणि लहानथोर सगळे शेअरांच्या मागें धांवत सुटलेले, असा तो काळ. पुढील वर्षाच्या जुलैंत तो फुगा फुटला आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. ज्या शहरांत कागदाच्या चिटोऱ्यांवर लोक श्रीमंत होत होते, त्या शहरांत ह्या पंचवीस वर्षांच्या माणसानें शिसें वितळविण्याची भट्टी मांडली! ह्यांत दूरदृष्टि होती कीं केवळ दुसरें कांहीं येत नव्हतें म्हणून तें केलें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मला स्वतःला दुसरें कारण अधिक संभवनीय वाटतें, आणि त्यानें जावजींचें मोठेपण यत्किंचितही उणें होत नाहीं. राणोजी रावजी आरू ह्यांच्यासारखा ठसे कोरणारा निष्णात स्नेही त्यांस लाभला. एकाचा हात कोरण्यांत बसलेला, दुसऱ्याचा डोळा पारखण्यांत. १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना उभा राहिला.

पुढील हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. विनायक कोंडदेव ओक ह्यांचें 'बालबोध' मासिक १८८१ पासून येथें छापूं लागलें. १८८६ मध्यें पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब ह्यांच्या संपादकत्वाखालीं 'काव्यमाला' सुरू झाली, आणि पोथ्यांच्या बासनांत पडून राहिलेलीं कित्येक संस्कृत काव्यें व नाटकें माफक किंमतींत विद्यार्थ्यांच्या हातीं आलीं. निर्णयसागरी प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक युरोपांतील संस्कृतज्ञांपर्यंत पोहोंचला. ज्यांना स्वतःला शाळा धड लाभली नाहीं, त्यांनीं शास्त्र्यापंडितांच्या हातांत भरंवशाचें पुस्तक दिलें. हें करण्यासाठीं त्यांना संस्कृतांत पारंगत व्हावें लागलें नाहीं. पंडितास पंडिताचें काम करूं द्यावें आणि आपण अक्षर निर्दोष ठेवावें, एवढी मर्यादा त्यांना समजत होती. आणि ती समजणें हेंही शिक्षणच.

आतां ह्या गोष्टीची दुसरी बाजू. अशीं चरित्रें सांगून झालीं, कीं 'पाहा, गरिबींतून माणसें वर येतात, तेव्हां कष्ट मुलांना चांगलेच' असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात, आणि ते बहुधा स्वतःच्या मुलांविषयीं बोलत नसतात. जावजी ज्या मुंबईंत वाढले, त्याच मुंबईंत त्यांच्या भरभराटीच्या काळीं कापडाच्या गिरण्यांतून शेंकडों मुलें राबत होतीं. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टानें सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाचे नऊ तास ठरविले. ह्यास त्या वेळीं सुधारणा म्हणत! १८९१ च्या कायद्यानें वयाची खालची मर्यादा नऊवर नेली व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सातांवर आणले. ह्या मुलांचें काम जावजींच्या कामाहून हलकें नव्हतें, उलट अधिक कष्टाचेंच होतें. तरीही तुटलेला धागा जोडणाऱ्या मुलास सूत कां तुटतें हें विचारण्याची सवड नव्हती, आणि विचारलें तरी यंत्राच्या मालकीपर्यंत जाणारी शिडी तेथें नव्हतीच. खिळे घांसणाऱ्या मुलाच्या दृष्टीसमोर मात्र कोरणारा, ओतणारा, जुळविणारा, छापणारा असे सगळे एकाच छपराखालीं बसलेले होते. धंदा सारा मिळून पांचपन्नास हातांत मावणारा होता. आणि थोड्या भांडवलावर तो स्वतः मांडतां येण्याजोगा होता. कष्ट दोहींकडे सारखेच. शिक्षण होतें तें ह्या जवळिकींत. छापखान्यांतही शिशाची धूळ होतीच, आणि ती मुलांच्या छातीस व पोटास काय करते हें आज आपण जाणतों. जावजींच्या शेजारीं बसून घांसणारीं इतर मुलें चरित्रग्रंथांत आलेलीं नाहींत. आज चौदा वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवणें गुन्हा आहे, तो असावा हेंच योग्य.

गिरणींतही एक माणूस शिकला, परंतु निराळें शिकला. नारायण मेघाजी लोखंडे हे रेल्वे व पोस्ट खात्यांतील लहान नोकऱ्या करून एका गिरणींत स्टोअरकीपर झाले. कोठाराचा हिशेब ठेवणाराकडे कोण लक्ष देतो? पण सामानाच्या मागणीसाठीं प्रत्येक खात्याचा माणूस त्याच्या खिडकीपाशीं येतो, आणि डोळे उघडे असले तर सारी गिरणी तेथून दिसते. १८८० मध्यें ते 'दीनबंधु' पत्राचे संपादक झाले. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनापुढें ठेवला. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पगार वेळेवर, अशा त्यांतील मागण्या होत्या. त्या कोणा पंडिताच्या पुस्तकांतून आलेल्या नव्हत्या. गिरणीच्या रोजच्या राबण्यांतून आल्या होत्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली.

जावजी दादाजी ५ एप्रिल १८९२ रोजीं वारले. छापखाना त्यांच्या पश्चात् कित्येक दशकें चालला. काव्यमालेचें एखादें जुनें पुस्तक श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं असल्यास त्याचें मुखपृष्ठ काढून पाहावें. वर कवीचें नांव, मग टीकाकाराचें, मग संपादकांचें. सर्वांत खालीं, बारीक टाइपांत, ग्रंथ कोठें छापला तें संस्कृतांतच दिलेलें असतें, आणि तेथें खिळ्यांसाठीं शब्द योजला आहे 'मुद्राक्षर'. त्या ओळीवरची शिरोरेघ भिंग लावून तपासावी. मीं ती अनेक प्रतींत तपासली आहे. सांधा सांपडत नाहीं.