एक संशोधिका, दोन नावे : कमला भागवत-सोहोनी आणि संदर्भोल्लेखांचा हिशेब (थ्रेड)

१/ १९५१ साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकात वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पहिले लेखकनाम : के. भागवत. १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये वाल आणि डबल बी यांतील प्रथिनांवर टिपण आले. पहिले लेखकनाम : के. सोहोनी. या दोन व्यक्ती नव्हेत. दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत.

२/ कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ, तर 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या दुर्गा भागवत या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला.

३/ संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. कमलाबाईंनी हा नकार मानला नाही. त्या थेट बंगळूरला जाऊन प्रवेशासाठी अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले.

४/ एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींसाठी उघडली.

५/ पुढचा टप्पा केंब्रिज. नोबेल विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांनी डेरेक रिक्टर आणि पुढे रॉबिन हिल यांच्यासोबत काम केले. प्राण्यांच्या पेशी श्वसनासाठी सायटोक्रोम ही यंत्रणा वापरतात, हे ठाऊक होते. उच्च वनस्पतींतही तशीच यंत्रणा चालते का, हा प्रश्न होता. बटाट्यासारख्या साध्या वस्तूवर प्रयोग करून कमलाबाईंनी तिचा पुरावा दिला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता सुमारे चाळीस पानांचा.

६/ त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नवे पर्व सुरू झाले. शोधनिबंधांवरील नावही बदलले.

७/ मुंबईतील त्यांचा विषय सर्वसामान्यांच्या ताटातला होता. ट्रिप्सिन हे विकर आपल्या आतड्यांत प्रथिनांचे पचन घडवते. कच्च्या कडधान्यांत या विकराला अडवणारी द्रव्ये असतात. उष्णतेने त्यांचा प्रभाव बराच घटतो. वाल आणि डबल बीमधील ही द्रव्ये सोहोनी यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकरूपात वेगळी केली.

८/ राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचाही अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, असे त्यातून पुढे आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

९/ आता हिशेबाकडे वळू. एका संशोधकाच्या कामाचा आधार इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा घेतला, याची मोजणी म्हणजे सायटेशन, अर्थात संदर्भोल्लेख. यूजीन गारफिल्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ मध्ये प्रकाशित झाला आणि या मोजणीला व्यवस्थित रूप आले.

१०/ मात्र त्या छापील सूचीत उल्लेखिलेले निबंध पहिल्या लेखकाच्या नावाखाली लावलेले असत. १९३९ च्या 'नेचर'मधील वनस्पतींवरील टिपणात हिल पहिले, भागवत दुसऱ्या. सूचीत ते 'हिल' या नावाखालीच सापडणार. मुंबईत ज्या निबंधांवर सहकाऱ्यांचे नाव आधी आले, त्यांची गतही तीच. उरलेले काम 'भागवत' आणि 'सोहोनी' या दोन नावांत विभागलेले.

११/ पुरुष संशोधकाचे आडनाव सहसा आयुष्यभर एकच राहते. ही सूची त्याच गृहीतकावर उभी होती. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रीचे काम त्यामुळे कागदोपत्री दोन अपुऱ्या व्यक्तींचे ठरते. यात कुणाचा हेतू वाईट असण्याची गरज नसते. वर्गीकरणाची पद्धतच पुरेशी असते.

१२/ शिवाय काही गोष्टी कोणत्याच सूचीत येत नाहीत. बंगळूरला त्यांच्यानंतर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थिनींनी आपल्या निबंधांत कमलाबाईंचा संदर्भ देण्याचे कारण नव्हते. पण त्या प्रयोगशाळेत पोहोचल्या, त्या कमलाबाईंनी उघडायला लावलेल्या दारातून.

१३/ म्हणून विसाव्या शतकातील एखाद्या संशोधिकेचा शोध घेताना माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे तपासावीत. निबंधावरील दुसरे, तिसरे नावही वाचावे. आकडा त्यानंतर पाहावा.