पॅराशॉक

जुन्या एचएमटी पायलटच्या काळ्या डायलवर बारीक अक्षरांत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: सतरा ज्वेल्स आणि पॅराशॉक. सतरा ज्वेल्सचा बोलबाला झाला. मांडवात जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधताना ‘सतरा ज्वेलचं आहे’ हे चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं जायचं. पॅराशॉकचं नाव कुणी काढत नसे. खरं तर बीड जिल्ह्यात ही घड्याळं इतकी वर्षं टिकली, त्यात त्या दुसऱ्या शब्दाचा वाटा मोठा आहे.

घड्याळाच्या मशीनमध्ये सर्वांत नाजूक जागा म्हणजे बॅलन्सचा आस. घड्याळजी त्याला नुसतं ‘स्टाफ’ म्हणतात. बॅलन्सचं चाक तुलनेनं जड, आणि ज्यावर ते डुलतं त्या आसाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही बारीक. घड्याळ फरशीवर पडलं की चाकाचा सगळा भार त्या टोकांवर येतो. टोक मोडतं किंवा वाकतं, आणि घड्याळ बंद. आपल्याकडं दगडी ओटे, शहाबादी फरशा आणि हौदाचे काठ मुबलक, त्यामुळं ‘स्टाफ गेला’ हे वाक्य एका पिढीनं फार ऐकलं.

यावरचा पहिला इलाज पॅरिसचा. अब्राहम-लुई ब्रेगे या कारागिरानं १७९० च्या सुमारास आसाच्या टोकाचं माणिक घट्ट न बसवता एका लवचिक पट्टीवर तोललं. धक्का बसला की माणिक जरा मागं सरायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. ब्रेगेनं मोठ्या लोकांच्या मेजवानीत आपलं घड्याळ जमिनीवर आपटून दाखवलं, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, माल विकायची अक्कल मात्र अस्सल. पण ही सोय उंची घड्याळांपुरतीच राहिली. सामान्य माणसाच्या घड्याळात ती यायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये इन्काब्लॉक निघालं. सुट्टं बसणारं माणिक आणि त्यावर लायर या तंतुवाद्याच्या आकाराची इवली स्प्रिंग, एवढाच तो कारभार. ते सर्वांत आधी वापरणाऱ्यांत वेस्ट एंड वॉच कंपनी होती, आणि तिचा मोठा धंदा हिंदुस्थानात चालायचा.

वेस्ट एंडच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. अंबाजोगाईचं कागदोपत्री नाव मोमिनाबाद, आणि तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीच्या गावाला वेळेची शिस्त आधी लागते. बाकी जिल्ह्याला घड्याळाची गरज लावली ती मोटारींनी. निजामाच्या रेल्वेखात्यानं १९३२ मध्ये प्रवासी मोटारी सुरू केल्या, पुढं एसटी आली. इतर गावांची वेळ रेल्वेनं ठरवली म्हणतात. बीड शहराला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, म्हणून इथं ‘टाइम’ म्हणजे एसटीचा टाइम. ‘सातची गाडी’ या नावानं ओळखली जाणारी गाडी पावणेआठला येते, हा भाग वेगळा.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि स्विस घड्याळ चोरट्या मालात जमा झालं. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सनं, म्हणजेच एचएमटीनं, जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळुरूला कारखाना काढला. सिटिझननं १९५६ मध्येच आपलं धक्कारोधक मशीन बाजारात आणलं होतं, आणि लोकांची खात्री पटावी म्हणून ते हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवलं होतं. ब्रेगेचाच खेळ, फक्त उंची वाढली. त्या रचनेचं नाव पॅराशॉक. तेच नाव आणि तीच स्प्रिंग बंगळुरूच्या घड्याळात उतरली. हायस्कूलचे मास्तर, तलाठी, कंडक्टर आणि ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम यांच्या मनगटावर ही घड्याळं आली. दसऱ्यानंतर टोळ्या फडावर निघायच्या तेव्हा ट्रक कधी लागणार, मोळ्या कधी भरायच्या, याचा हिशेब मुकादमाकडं. ट्रकच्या फाळक्यावर मनगट आपटलं तरी घड्याळ चालू राहायचं, ते या स्प्रिंगमुळं.

पडण्यावर कारखान्यानं इलाज काढला. तेल वाळण्यावर त्याच्याकडं इलाज नव्हता. तिथून पुढं घड्याळजीचं राज्य.

एचएमटीचं हातानं चावी द्यायचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं. दिवसाचे होतात ४,३२,०००. पुराणात कलियुगाची वर्षंही नेमकी तेवढीच सांगितली आहेत. योगायोगच, पण मोठा देखणा. वर्षाला हे ठोके पंधरा कोटींच्या वर जातात, आणि हा सगळा भार सुईच्या टोकावर मावेल एवढ्या तेलाच्या थेंबांवर असतो. ते तेल काही वर्षांत घट्ट होतं. त्यात धूळ गेली की काम बिघडतं. माणिक कठीण असतं, त्याला फारसं काही होत नाही. पोलादी टोकं मात्र तेलात कालवलेल्या धुळीनं कानशीनं घासावीत तशी झिजतात. उन्हाळ्यात बालाघाटच्या पठारावर वारा सुटला की ही धूळ चावीच्या दांड्याजवळून आत शिरायला वेळ लागत नाही. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ‘मामा, घड्याळ लई मागं ऱ्हातंय.’ मामा ते आधी कानाला लावतात. ठोका खणखणीत आहे की दबका, एवढ्यावर निम्मं निदान होतं.

या कामाला दुकानात ‘ऑइलिंग’ म्हणतात. नाव फसवं आहे, कारण खरं काम धुण्याचं. पाठीमागचं झाकण उघडून आधी कमानीतला ताण उतरवायचा. चावी बोटात धरून खिटी बाजूला करायची आणि कमान हळूहळू सुटू द्यायची. ती एकदम सुटली तर दाते जातात. मग बॅलन्स हेअरस्प्रिंगसकट अलगद उचलायचा, नंतर पॅलेट, पूल, चाकं. सगळं काचेच्या वाटीत पेट्रोलमध्ये पडतं आणि बारीक ब्रशानं घासलं जातं. माणकाच्या भोकात ब्रश जात नाही, तिथं लाकडी काडी चाकूनं टोकदार करून फिरवायची. काडीचं टोक काळं निघालं की पुन्हा तासायची आणि पुन्हा फिरवायची, पांढरं निघेपर्यंत. रबरी फुग्यानं हवा मारून भाग वाळवायचे.

आता पॅराशॉक. टोकावरच्या माणकाखाली तेल घालायचं तर ती स्प्रिंग चिमट्यानं सोडवावीच लागते. मोहरीच्या दाण्याएवढा हा तुकडा चिमट्यातून निसटला की कुठं उडेल सांगता येत नाही. म्हणून काही कारागीर तिला हातच लावत नाहीत आणि वरवर तेल सोडून मोकळे होतात. असं घड्याळ महिनाभर छान चालतं. नंतर मागं पडायला लागतं, आणि गिऱ्हाईक एचएमटीला शिव्या घालतं. याच्या उलट चूक तेल जास्त घालायची. शिलाई मशीनचं तेल वापरलं तर ते पसरतं, हेअरस्प्रिंगपर्यंत जातं, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ तासाला काही मिनिटं पुढं पळतं. चांगला घड्याळजी तेलाची सळई फक्त टेकवतो. माणकाच्या वाटीत तेलाचं गोल वलय दिसलं पाहिजे आणि काठ कोरडा राहिला पाहिजे.

ऐंशीच्या दशकात सेलवरची घड्याळं आली. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा विभाग बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या एचएमटीची हौस वाढली आणि मुंबईतून नवा रंग दिलेल्या डायलची घड्याळं सुटली. डायल कोरा, केस चकचकीत, आणि आत तीन घड्याळांच्या भागांची खिचडी. अशा घड्याळात डायल बघून पैसे देऊ नयेत, झाकण उघडायला सांगावं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत घाईचे हात गेलेत. थोडी चावी दिल्यावर बॅलन्स लगेच उठून मोठ्या झोकानं डुलला पाहिजे. घड्याळ उताणं आणि पालथं धरून बघावं. एका बाजूला झोका मंदावला तर त्या बाजूचं टोक झिजलंय किंवा तिथलं तेल वाळलंय. झाकणाच्या आत सुईनं कोरलेल्या बारीक खुणा सापडतात, त्या आधीच्या घड्याळजींनी आपापल्या कामाच्या टाकलेल्या. जितक्या खुणा तितकं घड्याळ सांभाळलेलं, असं मी तरी धरून चालतो.

अलीकडं दुकानात येणारी नवी तक्रार पुढं पळण्याची आहे. तेल ठीक, टोकं ठीक, तरी घड्याळ दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढं. रात्री ते उशाला मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर ठेवलेलं असतं, आणि हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकानं चिकटलेले. चुंबक उतरवायचं यंत्र असेल तर हे काम काही सेकंदांचं. ज्याच्याकडं ते नाही तो स्प्रिंग पुन्हा पेट्रोलमध्ये धुतो, ऑइलिंगचे पैसे घेतो आणि घड्याळ पुढंच पळत राहतं.