यादींत न आलेला नळ

मडकें विकत घेतांना जाणती गृहिणी तें बोटांनीं वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडकें पक्कें. बद्द आला तर त्याला कोठें तरी चीर आहे असें ती समजते. वस्तु न फोडतां तिचें अंतरंग जाणण्याची ही युक्ति फार जुनी आहे. आधुनिक कारखान्यांत तिला शास्त्राचें रूप आलें आहे, आणि हजारों कामगारांचे प्राण तिच्यावर अवलंबून आहेत.

१८९५ सालीं राँटगेन यानें क्ष-किरण शोधून काढले आणि अपारदर्शक पदार्थाच्या आंतील दृश्य छायाचित्रावर उमटूं लागलें. १९२८ सालीं रशियांतील सोकोलोव्ह यानें मानवी कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं धातूंतील दोष हुडकण्याची कल्पना मांडली. पुढें १९४० च्या सुमारास अमेरिकेंतील फायरस्टोन यानें प्रतिध्वनीवर चालणारें उपकरण सिद्ध केलें. नळावर बाहेरून उपकरणाचें टोंक टेकलें कीं लहर पोलादांत शिरते, आंतील पृष्ठावर आपटते व परत येते. पोलादांत तिचा वेग सेकंदाला सुमारें सहा किलोमीटर असतो. म्हणून जाण्यायेण्यास लागलेल्या काळावरून नळाची जाडी तत्काळ कळते. नळ कापावा लागत नाहीं.

जाडी मोजण्याचें कारण असें कीं, वेगानें वाहणारें ऊन पाणी पोलादाच्या पृष्ठावरील संरक्षक थर हळूहळू विरघळवून नेतें. वळणापाशीं किंवा अरुंद वाटेच्या पुढें पाणी घुसळतें; तेथें ही झीज अधिक होते. बाहेरून मात्र नळ नव्यासारखाच दिसतो. ९ डिसेंबर १९८६ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत, सरी येथील अणुविद्युत्केंद्रांत, असा झिजलेला एक बांक फुटला व चार कामगार प्राणांस मुकले. जपाननें त्यापासून धडा घेतला, आणि तेथील वीजकंपन्यांनीं १९९० सालीं नळांची जाडी मोजण्याचे नियम ठरविले.

तरीही ९ ऑगस्ट २००४ रोजीं जपानांतील फुकुई प्रांतांत, मिहामा येथील अणुविद्युत्केंद्राच्या तिसऱ्या विभागांत, तसाच अपघात झाला. पाण्याचा प्रवाह मोजण्यासाठीं एका नळांत अरुंद भोकाची चकती बसविलेली होती. तिच्या पुढचा भाग फुटला आणि सुमारें १४० अंश सेंटिग्रेड उष्णतेचें पाणी वाफ होऊन उसळलें. अकरा कामगार भाजले. त्यांपैकीं पांच मृत्युमुखीं पडले. किरणोत्सर्ग झाला नाहीं. पण नळाची कहाणी लाजिरवाणी निघाली. मूळची दहा मिलीमीटर जाडी एके ठिकाणीं ०.४ मिलीमीटरवर आली होती. नियमाप्रमाणें ती ४.७ च्या खालीं जाऊं द्यावयाची नव्हती. १९७६ सालीं केंद्र सुरू झाल्यापासून ती जागा एकदांही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादींतून ती मुळांतच गळली होती. ही चूक २००३ सालीं ध्यानांत आली, व १४ ऑगस्टपासून सुरू होणाऱ्या नियतकालिक तपासणींत ती जागा मोजण्याचें ठरलें. मेलेले कामगार त्याच तपासणीच्या तयारीसाठीं तेथें आले होते. नळानें पांच दिवस वाट पाहिली नाहीं.

मोठ्या कारखान्यांत अशा जागा हजारोंनीं असतात. सगळ्या दरवर्षीं मोजणें शक्य नाहीं. म्हणून अलीकडे जोखमीनुसार तपासणी करण्याची पद्धति रूढ झाली आहे. नळ फुटण्याचा संभव किती, आणि फुटल्यास हानि किती, या दोहोंचा गुणाकार करून कोठें आधीं पाहावयाचें तें ठरवितात. ही पद्धति शहाणपणाची खरी. परंतु ज्या जागेची नोंदच नाहीं, तिची जोखीम कोणत्याही गणितांत शून्यच येते. मिहामा येथें उपकरण चुकलें नव्हतें, नियमही अपुरा नव्हता. चुकली ती यादी. म्हणून दक्ष तपासनीस उपकरणाच्या आधीं नकाशा हातीं घेतो, नळाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत स्वतः चालत जातो, आणि प्रत्येक सांधा वहींतील नोंदीशीं ताडून पाहतो.