मुठीत मावणारे डिफरन्शियल

#थ्रेड

मुठीत सहज लपेल अशी एक प्लास्टिकची डबी. आत सहा दातेरी चाके, दोन रबरी कडी आणि काही थेंब सिलिकॉन तेल. रिमोटवर धावणाऱ्या, मूळ गाडीच्या एक-दशांश आकाराच्या इलेक्ट्रिक टूरिंग कारच्या मागच्या आसावर ही डबी बसते. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात स्पर्धक ती उघडतो, जुने तेल पुसतो, नवे भरतो आणि चार स्क्रू पुन्हा आवळतो. या कृतीमागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक फ्रेंच घड्याळजी आहे, शिवणयंत्रांचा एक इंग्लिश कारागीर आहे आणि आपल्या हाती लागलेल्या चिकट पदार्थाचे पुढे काही होईल अशी फारशी आशा नसलेला एक रसायनशास्त्रज्ञही आहे.

आधी एक हिशेब. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, हे सर्वांना ठाऊक असते. किती जास्त, हे मात्र सहसा चुकीचे सांगितले जाते. वळण जितके अरुंद तितका फरक मोठा, असे वाटते. भूमिती वेगळे सांगते. अर्ध्या वर्तुळाच्या वळणात दोन्ही चाकांच्या मार्गांतला फरक म्हणजे त्या चाकांमधले अंतर गुणिले ‘पाय’. वळणाची त्रिज्या त्यात येतच नाही.

टूरिंग कारची रुंदी १९० मिलिमीटर. टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १६५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक अर्धवर्तुळी वळणावर बाहेरचे चाक सुमारे ५२ सेंटिमीटर अधिक चालते. चाकाचा परीघ २० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तेव्हा ते आतल्या चाकापेक्षा अडीचहून अधिक फेऱ्या जास्त मारते. वळण ऐसपैस असेल तर या फेऱ्या सावकाश घडतात, अरुंद असेल तर क्षणार्धात. पण घडाव्या लागतातच.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची चाके आसावर मोकळी फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. आगगाडीची दोन चाके एकाच आसाला जखडलेली असतात, पण त्यांच्या कडा किंचित निमुळत्या घडवलेल्या असतात. वळणावर जोडी बाजूला सरकते आणि बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर धावू लागते. अडचण उभी राहते ती रस्त्यावरच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनाची. तिथे दोन्ही चाकांना जोर तर द्यायचा, पण त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरूही द्यायचे.

ही गाठ १८२८ च्या पेटंटात सोडवणारा माणूस म्हणजे ओनेसिफोर पेकर. फ्रान्समधला, पेशाने घड्याळजी. वाफेच्या गाडीसाठी त्याने अशी रचना मांडली, की इंजिन थेट चाकांना न फिरवता एका चौकटीला फिरवते. त्या चौकटीत बसवलेली छोटी दातेरी चाके दोन्ही बाजूंच्या आसांवरील दातेरी चाकांत अडकलेली असतात. गाडी सरळ जाताना छोटी चाके स्वतःभोवती फिरत नाहीत. सारा संच एकसंध फिरतो. वळण आले की ती हळूच गरगरतात, एका बाजूचा वेग जितका घटतो तितकाच दुसऱ्या बाजूचा वाढतो. घड्याळजीच्या हातून हे घडावे यात नवल नाही. खऱ्या सूर्याची वेळ आणि सरासरी वेळ यांतला फरक दाखवणाऱ्या घड्याळांत लंडनच्या जोसेफ विल्यमसनने अठराव्या शतकाच्या आरंभीच अशी जुळणी वापरली होती. दोन गतींची बेरीज-वजाबाकी दात्यांकडून करून घेणे ही त्या धंद्यातली विद्या होती. पेकरने ती रस्त्यावर आणली.

इथे एका लोकप्रिय दाव्याची दखल घ्यावी लागते. प्राचीन चीनमधल्या ‘दक्षिणदर्शी रथा’त डिफरन्शियल होते, असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते. रथ कसाही वळला तरी त्यावरच्या पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच राहत असे. पण असा एकही प्राचीन रथ आज शिल्लक नाही. डिफरन्शियलची कल्पना त्याला जोडली ती जॉर्ज लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने, १९४७ मध्ये, एक शक्यता म्हणून. सोंग राजवटीच्या इतिहासात १०२७ सालच्या एका रथाचे वर्णन आहे. त्यात दातेरी चाके आळीपाळीने जोडली-सोडली जात असल्याचे दिसते, आणि ते तत्त्व निराळे आहे. ‘असे करता आले असते’ आणि ‘असे केले होते’ या दोन विधानांमध्ये इतिहासाचा अभ्यास उभा असतो. शक्यतेचा पुरावा करून टाकण्याची घाई इथेही झाली.

पेकरची गाडी फारशी धावली नाही, कल्पना मात्र कागदावर राहिली. अर्धशतकाने, १८७७ मध्ये, ती कॉव्हेंट्रीत पुन्हा प्रकटली. जेम्स स्टार्ली मूळचा शिवणयंत्रांचा कारागीर, पुढे सायकलींचा. सांगितले जाते ते असे, की तो आणि त्याचा मुलगा विल्यम शेजारी शेजारी बसून दोन बाजूंनी पायडल मारत होते. मुलाचा जोर जास्त पडला, गाडी भरकटली आणि बाप रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत जाऊन पडला. तिथून उठून त्याने दोघांचा जोर सारखा वाटणारी दातेरी जुळणी योजली. प्रसंगाला दंतकथेचा वास आहे, आणि शोधकांच्या चरित्रांत अशी सोयीस्कर पडझड नेहमीच आढळते. पण स्टार्लीची तीनचाकी खरी होती. १८८१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने ती मागवली. मोटारगाड्या आल्या तेव्हा हे यंत्र तयारच होते.

एक मोठी खोट मात्र त्यात जन्मजात होती. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल तर त्याला फिरायला जवळपास काहीच जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य मिळतो. एक चाक गरगरते आणि गाडी जागेवर उभी राहते. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी रचलेल्या शर्यतीच्या गाड्यांना ही खोट भोवली. इंजिनाची ताकद इतकी, की मागचे एक चाक मोठ्या वेगातही घसरत राही. १९३५ मध्ये पोर्शे यांनी झेडएफ या जर्मन कंपनीकडून घसरण मर्यादित ठेवणारे डिफरन्शियल करून घेतले. पुढचा सारा इतिहास या एकाच ओढाताणीचा आहे : चाकांना मोकळीक किती द्यायची आणि कुठे आवरायचे.

ही ओढाताण खेळण्याच्या आकारात आली ती जपानमुळे. शिझुओकाच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ चे एक-द्वादशांश आकाराचे मॉडेल करायला घेतले, तेव्हा अभ्यासासाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली, ही हकिकत मॉडेलवाल्यांत प्रसिद्ध आहे. १९७६ च्या अखेरीस हेच मॉडेल विद्युत मोटर आणि रिमोटसह बाजारात आले आणि शर्यतींना तोंड फुटले. छोट्या गाडीत दातेरी डिफरन्शियलची जुनी खोट अधिकच टोचे. गाडी हलकी, आतले चाक सहज उचलले जाणारे, आणि सुट्या दात्यांना आवर घालणारे काहीच नाही.

१९८० मध्ये इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये सेसिल शुमाकर यांनी यावर दिलेले उत्तर या कथेतला सर्वांत देखणा भाग आहे. पूर्वी कॉसवर्थमध्ये काम केलेल्या या अभियंत्याने दातेच काढून टाकले. गाडीला फिरवणाऱ्या दातेरी चाकालाच गोल भोके पाडायची, प्रत्येक भोकात पोलादाचा एक छर्रा ठेवायचा, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत पोलादी चकत्या लावायच्या आणि मधोमध स्प्रिंग घातलेल्या स्क्रूने सारे दाबून धरायचे. एक चकती डाव्या चाकाची, दुसरी उजव्या चाकाची. वळणावर छर्रे जागच्या जागी लोळतात आणि चकत्या एकमेकींच्या उलट सरकतात. पेकरच्या छोट्या दातेरी चाकांचे काम छर्रे करतात, फक्त दात्यांऐवजी दाबाने. आणि स्क्रू किती आवळला यावर आवर ठरतो.

पण हे यंत्र कागदावर जितके सोपे तितके हातात अवघड. चकत्या काचेसारख्या सपाट जागी बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्याव्या लागत. छर्ऱ्यांना सिलिकॉन ग्रीस लागे, कारण साध्या वंगणाने पकडच सुटते. दाब झेलणाऱ्या चिमुकल्या बेअरिंगला मात्र वेगळे, काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस. स्क्रू एका दमात आवळायचा नाही. थोडा आवळायचा, चाके उलटसुलट फिरवायची, छर्रे आपली वाट कोरून बसेपर्यंत थांबायचे, पुन्हा थोडा. मग कसोटी : दोन्ही चाके घट्ट धरून मधले दातेरी चाक अंगठ्याने रेटायचे. ते सरकले तर जुळणी सैल. सैल जुळणी ट्रॅकवर तापते, छर्ऱ्यांना चपटे डाग पडतात, चकत्यांवर चर उमटतात आणि फिरवताना वाळू अडकल्यासारखी खरखर बोटांना कळते. ‘रेशमासारखे फिरले पाहिजे’ याला कुठल्याच पुस्तिकेत आकडा नव्हता. एका पिढीच्या बोटांत साठलेले हे ज्ञान जवळ बसून पाहूनच दुसऱ्याकडे गेले.

टूरिंग कारचा वर्ग १९९० च्या दशकाच्या आरंभी फोफावला. तामियाचा टीए०१ हा सांगाडा त्याचा एक उगम. तो मँटा रे या मातीवरच्या बग्गीपासूनच घडवलेला होता. चारही चाकांना जोर, म्हणून डिफरन्शियल दोन, पुढे एक आणि मागे एक. पुढच्या आसावर तर प्रयोगांची रांगच लागली. आधी डिफरन्शियल, मग एकाच दिशेने जोर देणारी आणि एरवी चाके मोकळी सोडणारी ‘वन-वे’ जुळणी. तिने गाडी वळणात झपकन शिरे, पण ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागत आणि शेपूट फिरे. अखेर बहुतेकांनी ‘स्पूल’ स्वीकारला, म्हणजे दोन्ही चाके जखडणारा साधा दांडा. दोनशे वर्षे जी अडचण टाळण्यासाठी खपली, तीच शर्यतवाल्यांनी पुढच्या आसावर जाणूनबुजून बसवली! टायर घासतात हे खरे, पण ब्रेक लावताना गाडी रेषेत राहते आणि वळणातून बाहेर पडताना पुढची दोन्ही चाके ओढतात.

मागच्या आसावर छर्ऱ्यांचे राज्य २०१० च्या आसपास ओसरले. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आल्यावर ताकद इतकी वाढली, की छर्ऱ्यांची जुळणी वारंवार उघडावी लागू लागली. तेव्हा सर्वजण पेकरच्या दात्यांकडे परतले. फरक एवढाच, की आता दात्यांची डबी हवाबंद होती आणि आत तेल होते.

हे तेल म्हणजे वेगळीच गोष्ट. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी सिलिकॉन संयुगांवर दशकानुदशके काम केले, त्यांना नाव दिले, पण १९३७ च्या व्याख्यानातही त्यांच्या भवितव्याबद्दल ते निराशच होते. प्रयोगनळीच्या तळाशी उरणारे चिकट लगदे, याहून फारसे काही त्यांना त्यात दिसले नाही. १९४३ मध्ये, महायुद्धाच्या गरजेतून, अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी याच लगद्यांच्या उत्पादनासाठी उभी राहिली. सिलिकॉन तेल तापले तरी खनिज तेलाइतके पातळ होत नाही. याच गुणामुळे १९८० च्या एएमसी ईगल या अमेरिकन मोटारीत पुढच्या-मागच्या आसांमध्ये जोर वाटायला ते वापरले गेले. आणि म्हणूनच ते चिमुकल्या डबीतही आले.

तेलाचा दाटपणा सेंटीस्टोक्समध्ये मोजतात. पाण्याचा सुमारे १, टूरिंग कारच्या मागच्या डिफरन्शियलमधल्या तेलाचा साधारण काही हजार. ५००० हा नेहमीच्या वापरातला आकडा. दाट तेल छोट्या चाकांना सहज गरगरू देत नाही, त्यामुळे हलके झालेले आतले चाक व्यर्थ फिरत नाही आणि जोर रस्त्याला लागतो. पण दोन्ही चाके बांधल्यासारखी होऊन मागची बाजू सरळ जाऊ पाहते. पातळ तेलात गाडी सहज वळते आणि वळणातून निघताना जोर सांडते. पकड देणाऱ्या गालिच्यावर एक आकडा, उन्हात तापलेल्या डांबरावर दुसरा.

जुळणीची शिस्तही बदलली. रबरी कड्यांना तेल चोळून बसवायचे, दात्यांमागे पातळ वॉशर घालून ती हलकी पण न डगमगता फिरतील असे करायचे, तेल आडव्या दांड्या जेमतेम झाकेपर्यंत भरायचे. मग थांबायचे. दाट तेलातून हवेचे बुडबुडे सावकाश वर येतात. बुडबुडा आत राहिला तर दोन सारख्या डब्या सारख्या वागत नाहीत. म्हणून चोख स्पर्धक भरलेली डबी ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवतो आणि आकडा वहीत लिहितो. जे बोटांना विचारावे लागे ते आता काटा सांगतो. सोय झाली यात शंका नाही. पण ‘जुने मागासलेले म्हणून गेले’ हे नेहमीचे वाक्य इथे लागू पडत नाही. छर्ऱ्यांची जुळणी गाडी ट्रॅकवर असताना एका स्क्रूच्या पाव फेऱ्याने बदलता येई. तेलाची डबी बदलायला गाडी अर्धी सुटी करावी लागते.

एक-द्वादशांश आकाराच्या सपाट, हलक्या शर्यती गाड्यांमध्ये, ज्यांच्यासाठी शुमाकर यांनी १९८० मध्ये आपली जुळणी बनवली होती, मागच्या आसावर आजही छर्रेच लोळतात.