पेर्ते व्हा : कवी अनिलांचे अर्धे वाक्य

मराठी कवितेच्या इतिहासात कवी अनिलांची जागा केव्हाच ठरून गेली आहे. मुक्तछंदाचे प्रवर्तक, दशपदीचे जनक, कुसुमावती देशपांडे यांचे सहचर, कुमार गंधर्वांनी गायलेल्या काही भावगीतांचे कर्ते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला एवढे पुरते. समाजशिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे काम मात्र बहुधा नोकरीच्या तपशिलात, अर्ध्या वाक्यात उरकले जाते. आमच्या मते हे अर्धे वाक्य पुरे केल्याखेरीज अनिलांचा मुक्तछंदही पुरता कळत नाही.

आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी मूर्तिजापूर येथे झाला. अकोला, अमरावती, बुलढाणा आणि आमचा यवतमाळ हे चार जिल्हे म्हणजे जुना वऱ्हाड. त्या वऱ्हाडातून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे कुसुम जयवंत यांच्याशी परिचय झाला आणि पुढे १९२९ मध्ये विवाह. विवाहापूर्वीचा दोघांचा पत्रव्यवहार १९७२ मध्ये 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाला. कायद्याचे शिक्षण घेतलेले अनिल न्यायखात्यात न्यायाधीश झाले. कुसुमावती नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या आणि कथा व समीक्षा या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी स्वतःचे स्थान मिळवले.

'फुलवात' (१९३२) हा अनिलांचा पहिला संग्रह रविकिरण मंडळाच्या बहराच्या काळातला. जातिवृत्तांची गोडी, गायनाची आवड आणि प्रेमाचा विषय यांनी तेव्हा मराठी कविता भारलेली होती. अनिल प्रेमकवी होतेच. पण समाजाविषयी बोलू लागताच हे गोड साधन अपुरे पडते, असे त्यांना जाणवलेले दिसते. 'भग्नमूर्ती' (१९४०) हे दीर्घकाव्य त्यांनी मुक्तछंदात लिहिले. एका भंगलेल्या मूर्तीच्या निमित्ताने एका संस्कृतीच्या उत्कर्षापकर्षाचे चिंतन करणाऱ्या या काव्याला विचाराच्या ओघाबरोबर लांब-आखूड होणारी ओळ हवी होती.

मुक्तछंद म्हणजे गद्याचे तुकडे नव्हेत, हे येथे सांगितले पाहिजे. त्यात ओळीची लांबी मोकळी असते, लय मोकाट नसते. या संदर्भात अरबी कवितेचे उदाहरण उद्बोधक आहे. नाझिक अल्-मलाइका (१९२३–२००७) या इराकी कवयित्रीने १९४७ मध्ये इजिप्तमधील पटकीच्या साथीवर कविता लिहिली. समान लांबीच्या ओळींची शतकानुशतकांची शिस्त मोडून तिने एका गणाच्या आवर्तनावर लहानमोठ्या ओळी रचल्या. अरबी मुक्त कवितेच्या आरंभाची चर्चा या कवितेशिवाय होत नाही. हीच कवयित्री समाजातील स्त्रीच्या स्थितीवर परखडपणे बोलत होती; आणि हीच पुढे नव्या कवींना बजावत होती की मुक्त कवितेलाही छंदाचा आधार सोडता येणार नाही. बगदाद आणि नागपूर यांचा येथे काही संबंध नाही. पण जुन्या, समृद्ध छंदपरंपरेत वाढलेल्या दोन कवींना सामूहिक दुःखाशी गाठ पडल्यावर ओळ मोकळी करावीशी वाटते आणि तरीही दोघे लय सोडत नाहीत, हे साम्य केवळ योगायोगाचे म्हणून सोडून देता येत नाही.

अनिलांच्या बाबतीत ही गाठ 'निर्वासित चिनी मुलास' (१९४३) या काव्यात पडते. जपानी आक्रमणाने चीन होरपळत होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेथे जखमींची शुश्रूषा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये निवर्तले होते. मराठी कवीने एका परक्या, अनोळखी मुलाला उद्देशून दीर्घकाव्य लिहावे, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. 'तू' म्हणून ज्याला हाक मारायची तो प्रेयसी नाही, देव नाही, स्वजनही नाही. अनिलांच्या कवितेतील संबोधनाचा परीघ येथे एकदम रुंदावतो.

स्वातंत्र्यानंतर हाच परीघ त्यांच्या कामात उतरला. त्या वेळच्या मध्यप्रदेशात प्रौढांच्या शिक्षणाची मोठी मोहीम निघाली आणि अनिल समाजशिक्षणाच्या कामाकडे वळले. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय मूलभूत शिक्षण केंद्राचे संचालक झाले. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, स्त्रियांमध्ये तर ९ टक्क्यांहूनही कमी. 'साक्षरता' न म्हणता 'समाजशिक्षण' म्हणण्यात एक भूमिका होती : अक्षरओळख हे साधन, नागरिक म्हणून जगण्याची समज हे साध्य. दिवसा ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याकडे भाषा कशी न्यावी याचा विचार करायचा आणि कवितेत बोलण्याच्या लयीजवळ जायचे, ही दोन कामे आम्हांला एकाच प्रश्नाची दोन रूपे वाटतात. बोलणे कोणापर्यंत पोहोचावे, हा तो प्रश्न.

'पेर्ते व्हा' (१९४७) या संग्रहाचे नाव या दृष्टीने पाहावे. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की तो 'पेर्ते व्हा' म्हणतो, असे आपल्याकडे शेतकरी मानतात. पक्ष्याची हाक, शेतकऱ्याने तिला दिलेला अर्थ आणि कवीने त्या अर्थाला दिलेली स्वातंत्र्यवर्षातली जागा, असे तीन थर त्या दोन शब्दांत आहेत. ज्या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीसएक वर्षे शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून देशाला माहीत झाले, त्या यवतमाळमधील वर्गात हे शीर्षक उच्चारताना ते निव्वळ आशावादी राहत नाही. पेरणाऱ्याच्या पदरात काय पडले, असा प्रश्न समोरचा विद्यार्थी विचारतो आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. कविता त्याचे उत्तर देत नाही. परंतु पेरणाऱ्याला उद्देशून बोलण्याची जबाबदारी एका कवीने घेतली होती, याची ती साक्ष देते.

अनिलांवर एक आक्षेप घेता येतो. त्यांच्या समाजविषयक कवितेत आवाहन अधिक आणि अनुभव कमी आहे. १९४७ मध्येच मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या. त्यांनी ओवी-अभंगांच्या जुन्या साच्यांत यंत्रयुगाचा तडा दाखवला. अनिलांची ओळ नवी आणि श्रद्धा जुनी, मर्ढेकरांचा छंद जुना आणि श्रद्धा ढासळलेली. नवकवितेचा मान मर्ढेकरांकडे गेला तो अकारण नव्हे. तथापि आधुनिकता केवळ भंगलेपणातच असते असे मानले, तर शिकवण्याची, पोहोचण्याची, उभारण्याची आधुनिकता आपण हिशेबाबाहेर टाकतो.

१९५८ च्या मालवण साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांकडे होते. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात कुसुमावती या पदावरील पहिल्या महिला ठरल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. पंधरा वर्षांनी 'दशपदी' (१९७६) हा संग्रह आला. त्याला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ मे १९८२ रोजी नागपुरात अनिल वारले. ज्याने ओळ मोकळी केली त्यानेच अखेरीस दहा ओळींची मर्यादा आखून घेतली. याला माघार म्हणावे असे आम्हांला वाटत नाही. ऐकणारा बदलला की बोलण्याचा घाट बदलतो. समाजाशी बोलायला ओळ लांबवावी लागली, स्वतःशी बोलायला दहा ओळी पुरल्या.