पेन्सिलीची नोंद, शाईची नोंद

तलाठ्याच्या दप्तरात एके काळी पेन्सिलीला मोठा मान होता. खरेदीखताची वर्दी आली की तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद धरी आणि सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक नुसता पेन्सिलीने टिपून ठेवी. मग नोटिसा निघत, हरकतीची मुदत संपे, सर्कल नोंद मंजूर करी, तेव्हा कुठे ती शाईने कायम होई. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही नोंद धरणे वेगळे आणि प्रमाणित करणे वेगळे, हा भेद कायम राहिला. नेवासे-पारनेरकडचा शेतकरी खरेदीखत ट्रंकेत ठेवून निश्चिंत होई, आणि सोसायटीच्या कर्जासाठी उतारा काढावा तर त्यावर नाव जुन्याच मालकाचे! नोंद धरलेली असे. मंजूर झालेली नसे.

आज अहिल्यानगर जिल्ह्यातले सातबारे संगणकात आहेत. डिजिटल स्वाक्षरीचे उतारे २०१८ पासून मिळू लागले. पेन्सिल गेली, पण तीच दोन पावले संगणकाच्या पोटातही आहेत, आणि ती काही महसूल खात्याने शिकवलेली नाहीत. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा डेटाबेस तयार झाला. तेथे काम केलेल्या जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात ‘व्यवहार’ समजावताना ख्रिस्ती विवाहाचा दाखला दिला. धर्मगुरू दोघांनाही विचारतो. दोघांचा होकार आला तरच लग्न लागते. डेटाबेसमधल्या या शेवटच्या होकाराला ‘कमिट’ म्हणतात.

संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना एक तक्रार ओळखीची असेल. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, चूक दाखवत नाही, पण तक्त्यात ओळ सापडत नाही. पायथॉनच्या नेहमीच्या जोडणीत कमिट आपणच द्यावे लागते. न देता जोडणी बंद केली की पेन्सिलीची नोंद पुसली जाते. जावात ते एरवी आपोआप होते, म्हणून तिकडून आलेला माणूस इथे हमखास फसतो.

मात्र कमिटला दोष देण्याआधी दप्तर तेच आहे ना, हे पाहावे. प्रोग्रॅम एका फाइलीत लिहितो आणि आपण दुसरीच उघडून बसतो! कधी डेटाबेसने हरकत घेतलेली असते, की क्रमांक दुबार आहे किंवा सक्तीचा रकाना रिकामा आहे. पण चूक पकडून गप्प बसणारा तुकडा कोणीतरी प्रोग्रॅमात लिहून ठेवलेला असतो. नोटीस आली, वाचली कोणीच नाही. तो तुकडा काढून हरकत पडद्यावर येऊ द्यावी. कधी एकाच व्यवहारातली पुढची ओळ अडते आणि प्रोग्रॅम सगळा व्यवहार मागे घेतो. हे योग्यच आहे. जुन्या मालकाचे नाव कमी झाले आणि नव्याचे चढलेच नाही, असा सातबारा काय कामाचा?

तपासताना ओळ त्याच जोडणीतून शोधू नये. लिहिणाऱ्याला स्वतःची पेन्सिल दिसतेच. दुसरी जोडणी उघडून पाहावे. तिथे ओळ दिसली, तर ती शाईची.