पान वाढणे

महाराष्ट्रात सणावारी व लग्नमुंजीत पंगतीचे पान वाढण्याची रूढ पद्धत. पाट मांडून पुढे केळीचे पान ठेवतात व त्याभोवती रांगोळी काढतात. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. प्रथम वरच्या बाजूला मध्यभागी मीठ वाढतात. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी. ही विभागणी सोयीची आहे: डावीकडचे पदार्थ तोंडी लावण्यापुरते, तर उजवीकडचे पुन्हापुन्हा लागणारे, म्हणून जेवणाऱ्या हाताशी. मधोमध भाताची मूद, त्यावर वरण. शेवटी तूप वाढले की जेवण सुरू होते. पक्वान्न प्रसंगानुसार बदलते. शेवटचा भात ताकाचा किंवा दह्याचा असतो.